ठेवण्याची जागा आणि शोधण्याची जागा

घरांत एखादी वस्तु हरवली म्हणजे ती बहुधा घराबाहेर गेलेली नसते. ज्यानें ती ठेविली त्यानें आपल्या समजुतीप्रमाणें योग्य ठिकाणींच ठेविलेली असते, आणि जो शोधीत असतो तोहि आपल्या समजुतीप्रमाणें योग्य ठिकाणींच शोधीत असतो. अडकित्ता फडताळांत पडलेला असतो आणि आजोबा पानाचा डबा पुनः पुनः उपसून पाहत असतात. दोघांच्या समजुती जुळल्या नाहींत, एवढाच काय तो घोटाळा. संगणकावर लेखनाचें साधन बसवितांना ज्या अडचणी येतात त्यांतील पुष्कळशा याच जातीच्या असतात. फाईल जागेवर असते. परंतु ती जागा शोधणाराच्या यादींत नसते.

लेखनाचें साधन म्हणजे येथें ज्यास टेक्स्ट एडिटर म्हणतात तें. पत्रें व पुस्तकें सजवून छापण्याचीं जीं साधनें असतात त्यांहून हें निराळें. अक्षरांचा आकार, रंग, समास यांची चिंता एडिटर करीत नाहीं. नुसता मजकूर लिहावा, खोडावा, हलवावा, एवढेंच त्याचें काम. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८५ मध्यें प्रसिद्ध केलेला ‘जीएनयू ईमॅक्स’ आणि ब्राम मूलेनार यांनीं १९९१ मध्यें लोकांपुढें आणलेला ‘विम’ हे या वर्गांतील दोन नामांकित एडिटर होत. मूलेनार २०२३ मध्यें निवर्तले. त्यांचा एडिटर मात्र अद्यापि रोजच्या वापरांत आहे. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे, गणिताचे प्राध्यापक, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, असे अनेक लोक या दोहोंपैकीं एकावर वर्षानुवर्षें निष्ठा ठेवून असतात. या निष्ठेचें कारण असें कीं, हे एडिटर तयार होऊन हातीं आले तरी पुरे झालेले नसतात. प्रत्येकानें आपल्या गरजेप्रमाणें त्यांस पुरवण्या जोडावयाच्या असतात. आणि पुरवणी जोडावयाची म्हटली कीं ती कोठें ठेवावी हा प्रश्न आलाच.

ईमॅक्स त्याच्या मूळ संहितेपासून आपल्या यंत्रावर उभा करावयाचा असला म्हणजे प्रथम ‘कॉन्फिगर’ नांवाची आज्ञा द्यावी लागते. ही आज्ञा यंत्राची पाहणी करिते, कोणतें साहित्य हाताशीं आहे तें टिपून घेते आणि पुढील बांधकामाचा आराखडा तयार करिते. तिला कांहीं न सांगतांहि ती आपलें काम करिते. परंतु सांगावयाचें असल्यास पुष्कळ गोष्टी सांगतां येतात, आणि त्यांत पहिली गोष्ट ‘प्रीफिक्स’ ही होय. प्रीफिक्स म्हणजे ज्या डिरेक्टरीच्या पोटांत सर्व बिऱ्हाड मांडावयाचें ती डिरेक्टरी. तिच्या खालीं ‘बिन’ नांवाच्या कप्प्यांत एडिटर चालविण्याची मुख्य फाईल जाते. ‘शेअर’ या कप्प्यांत ‘ईमॅक्स’, त्याच्या आंत आवृत्तीचा क्रमांक, आणि त्याच्याहि आंत लिस्प भाषेंत लिहिलेला एडिटरचा फार मोठा भाग जातो. साहाय्यक आज्ञावल्या ‘लिबएक्झेक’ मध्यें आणि माहितीपुस्तिका ‘शेअर’ च्याच पोटांतील आणखी दोन कप्प्यांत राहतात. एक प्रीफिक्स ठरला कीं हें सारें ओळीनें ठरतें. कांहींच सांगितलें नाहीं तर ‘/यूएसआर/लोकल’ ही डिरेक्टरी गृहीत धरली जाते.

ज्यांस अशा तिरप्या रेघांची संवय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. युनिक्स आणि लिनक्स या पद्धतींत संगणकावरील सर्व फायली एकाच वृक्षाच्या शाखांवर असतात, आणि आरंभींची तिरपी रेघ हें त्या वृक्षाचें मूळ. मुळापासून सांगितलेला मार्ग कोठेंहि उभें राहून वाचला तरी एकाच ठिकाणीं नेतो. उलट, आपण ज्या डिरेक्टरींत उभे आहों तेथून पुढें सांगितलेला मार्ग हा ‘शेजारच्या आळींत’ अशा पत्त्यासारखा असतो. सांगणारा हलला कीं पत्ता बदलतो. कॉन्फिगर आज्ञेस प्रीफिक्स म्हणून असा अर्धा पत्ता दिला तर ती तो सरळ नाकारते आणि मुळापासूनचा मार्ग मागते. तिचा हा हट्ट योग्यच म्हटला पाहिजे. कारण दिलेला पत्ता सामान्यतः बांधकामाच्या वेळीं आज्ञावलीच्या पोटांत कायमचा लिहिला जातो. मागाहून कोणी तें संपूर्ण बिऱ्हाड उचलून दुसऱ्या डिरेक्टरींत नेलें तर एडिटर आपल्याच फायली जुन्या पत्त्यावर शोधीत बसतो.

‘यूएसआर’ हें नांव मोठें फसवें आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं १९६९ नंतरच्या वर्षांत युनिक्स पद्धति रचली, तेव्हां या डिरेक्टरींत वापरणाऱ्या मंडळींचे खासगी कप्पे असत, आणि नांवहि त्यावरूनच पडलें. पुढें मूळ पद्धतीचें सामान वाढत गेलें, तबकडीवरील जागा अपुरी पडूं लागली, आणि पद्धतीनें हळूहळू या खोलींत आपलें सामान आणून लावलें. शेवटीं घरच्या माणसांनाच बाहेर पडावें लागलें आणि त्यांच्यासाठीं ‘होम’ नांवाची निराळी डिरेक्टरी झाली. बैठकीच्या खोलींत धान्याचीं पोतीं रचतां रचतां बसणारांनीं ओसरीवर यावें, त्यांतलाच हा प्रकार. आज ‘यूएसआर’ मध्यें वापरणाराचें असें कांहींहि नाहीं. तेथें जें आहे तें सर्व वितरणाचें, म्हणजे डेबियन, फेडोरा इत्यादि संस्थांनीं जुळवून दिलेल्या सामानाचें.

कोणत्या डिरेक्टरीचा काय उपयोग करावा याविषयीं १९९४ पासून एक लेखी संकेत आहे, आणि त्याची तिसरी आवृत्ति २०१५ मध्यें निघाली. त्या संकेतांत ‘/यूएसआर/लोकल’ विषयीं जें सांगितलें आहे तें फार नेमकें आहे. यंत्राच्या व्यवस्थापकानें स्वतः आणलेलें सामान येथें ठेवावें, आणि मूळ पद्धतीची सुधारणा होतांना या जागेस धक्का लागूं नये, असा त्याचा आशय. म्हणजे जागा निवडतांना विचारावयाचा प्रश्न ‘कोठें मोकळी जागा आहे’ हा नव्हे. ‘पुढच्या खेपेस येथें कोण हात घालणार आहे’ हा होय.

जुन्या वाड्याचें उदाहरण घेतलें तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. ‘यूएसआर’ हा मालकाचा सोपा. त्याची रंगरंगोटी, डागडुजी मालक आपल्या वेळेनुसार करणार. ‘लोकल’ ही वाड्याच्या कारभाऱ्याची खोली. सर्व भाडेकरूंस उपयोगी पडतील अशा वस्तु त्यानें तेथें ठेवाव्या. आणि ‘होम’ मधील प्रत्येकाची डिरेक्टरी म्हणजे ज्याचें त्याचें बिऱ्हाड. तेथें खुंटी ठोकण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. भाडेकरूनें मालकाच्या सोप्यांत आपली ट्रंक नेऊन ठेविली, तर पुढच्या दिवाळीला चुना लावतांना ती अंगणांत येऊन पडेल, यांत नवल तें काय?

परंतु हें नवल अनेकांच्या वांट्यास येतें. कोठें तरी वाचलेली ओळ जशीच्या तशी उतरवून प्रीफिक्स म्हणून ‘/यूएसआर’ दिला जातो आणि मुख्य अधिकाऱ्याच्या अधिकारानें सामान मांडलें जातें. त्या क्षणीं वितरणानें बसविलेल्या ईमॅक्सच्या फायलींवर नव्या फायली चढतात. वितरणाच्या नोंदवहीस मात्र याची वार्ता नसते. तिच्या दृष्टीनें जुनी आवृत्ति जागेवरच आहे. कांहीं आठवडे सर्व सुरळीत चालतें. मग एके दिवशीं वितरणाची सुधारणा येते. ती मुख्य फाईल आपली बसविते, पण जीं नांवें तिच्या नोंदवहींत नाहींत त्यांस ती हात लावीत नाहीं. अर्धा संसार एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा अशा स्थितींत एडिटर उघडतो, किंवा उघडतच नाहीं. ही चूक सुधारण्यास चूक करण्यापेक्षां कितीतरी अधिक वेळ लागतो. कारण कोणती फाईल कोणाची हें सांगणारें कोणी उरलेलें नसतें.

संहितेपासून मांडलेल्या सामानाची नोंद कोणत्याहि वहींत होत नाहीं, ही गोष्ट ‘लोकल’ च्या बाबतींतहि खरी आहे. तें सामान काढावयाचें झाल्यास मूळ बांधकामाची डिरेक्टरी, त्याच आराखड्यासह, जपून ठेविलेली असावी लागते. म्हणून कांहीं अनुभवी लोक प्रत्येक आवृत्तीस स्वतंत्र प्रीफिक्स देतात. उदाहरणार्थ, ‘/ऑप्ट/ईमॅक्स-३०’ अशी एकच डिरेक्टरी. नको झाली कीं ती एक डिरेक्टरी पुसली, काम संपलें. यांत चालविण्याच्या फाईलचा पत्ता निराळा कळवावा लागतो एवढीच थोडी तोशीस. तथापि सोयीच्या मानानें ती कांहींच नाहीं. आणि आपण कोणता प्रीफिक्स दिला होता हेंच विसरलें असेल तर ईमॅक्सला विचारावें. ‘सिस्टिम-कॉन्फिगरेशन-ऑप्शन्स’ या नांवाखालीं बांधकामाच्या वेळीं दिलेले सर्व पर्याय तो जपून ठेवितो.

आतां दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे शोधणाराकडे वळलें पाहिजे. ईमॅक्स पुरवण्या शोधतो तो ‘लोड-पाथ’ नांवाच्या यादींत. ही डिरेक्टरींची यादी आहे. तो पहिल्या डिरेक्टरीपासून आरंभ करितो, हवी ती फाईल जेथें प्रथम मिळेल तेथें थांबतो आणि पुढें पाहत नाहीं. त्या यादींत प्रीफिक्सखालील ‘साइट-लिस्प’ नांवाचे कप्पे असतात. त्या यंत्रावरील सर्वांसाठीं आणलेल्या पुरवण्या त्यांत ठेवावयाच्या असतात. ‘प्रीफिक्सखालील’ हा शब्द येथें महत्त्वाचा. वितरणानें दिलेला ईमॅक्स ‘/यूएसआर/शेअर/ईमॅक्स/साइट-लिस्प’ येथें पाहतो. कोणी हौशी मनुष्य नवीन ईमॅक्स ‘लोकल’ मध्यें उभा करितो. तो पाहतो ‘/यूएसआर/लोकल/शेअर/ईमॅक्स/साइट-लिस्प’ येथें. बहुतेक लिनक्स यंत्रांवर आज्ञा शोधण्याच्या यादींत ‘लोकल’ चा क्रम आधीं असल्यानें नांव उच्चारतांच नवा एडिटर उघडतो, आणि वितरणानें दिलेल्या साऱ्या पुरवण्या नाहींशा झालेल्या दिसतात. वस्तुतः एकहि पुरवणी कोठें गेलेली नसते. नव्या बिऱ्हाडकरूला जुन्या कोठीचा पत्ता कोणी दिलेला नसतो, इतकेंच. तो पत्ता देण्यासाठीं कॉन्फिगर आज्ञेंत ‘लोकल-लिस्प-पाथ’ विषयींचा पर्याय आहे. तेथें नव्या आणि जुन्या दोन्ही कोठ्यांचे पत्ते ओळीनें लिहिले कीं तक्रार मिटते.

याच्या उलट प्रकार अधिक दुःखदायक आहे. फाईल मिळत नाहीं तेव्हां निदान एडिटर तसें सांगतो; नको ती फाईल मिळते तेव्हां तो कांहींच सांगत नाहीं.

एका संशोधक विद्यार्थ्याची कल्पना करावी. त्याचें टिपणांचें सर्व काम ‘ऑर्ग’ या पुरवणीवर चालतें. कार्स्टेन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञांनीं २००३ मध्यें तिचा आरंभ केला, आणि २००७ पासून ती ईमॅक्सबरोबरच येते. विद्यार्थ्यानें पूर्वीं कधीं तरी तिची त्या वेळची ताजी आवृत्ति स्वतः आणून ‘साइट-लिस्प’ मध्यें ठेविली होती. आवृत्तीच्या क्रमांकाच्या कप्प्यांत नव्हे, बाहेरच्या सामायिक कप्प्यांत. वर्षें गेलीं. ईमॅक्सच्या दोन-तीन आवृत्त्या बदलल्या. त्यांच्याबरोबर नवीन ऑर्ग आली. परंतु शोधण्याच्या यादींत ‘साइट-लिस्प’ चा क्रम एडिटरच्या स्वतःच्या फायलींच्या आधीं असतो. म्हणून नव्या ईमॅक्सला प्रत्येक वेळीं जुनीच ऑर्ग सांपडते. इतकेंच नव्हे, तर जी फाईल जुन्या संचांत नव्हती ती तो नव्या संचांतून घेतो, आणि दोन पिढ्यांचे तुकडे एकमेकांस जोडून काम करूं पाहतो. प्रबंध सादर करण्यास चार दिवस उरले असतां टिपणांचें रूपांतर मध्येंच थांबतें आणि अशा एका क्रियेचें नांव दाखविलें जातें कीं जी अस्तित्वांतच नाहीं. विद्यार्थी आपल्या टिपणांत चूक शोधीत बसतो. टिपणें निर्दोष असतात. दोष असतो कित्येक वर्षांपूर्वीं केलेल्या एका निवडींत, आणि ती निवड केल्याचें त्यास स्मरतहि नाहीं.

या रोगाचें निदान करण्याचें साधन ईमॅक्समध्येंच आहे. ‘लिस्ट-लोड-पाथ-शॅडोज’ ही आज्ञा दिली असतां कोणती फाईल कोणत्या फाईलला झांकीत आहे याची यादी समोर येते. वरील विद्यार्थ्यास ती ठाऊक असती तर चार दिवसांपैकीं साडेतीन वांचले असते.

येथें कोणी विचारील कीं, हल्लीं पुरवण्या आणण्याची सोय एडिटरमध्येंच असतांना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. २०१२ मध्यें निघालेल्या चोविसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्समध्यें पुरवण्यांची व्यवस्था अंगभूत आहे. एका आज्ञेनें पुरवणी येते आणि वापरणाराच्या स्वतःच्या डिरेक्टरींत ‘एल्पा’ नांवाच्या कप्प्यांत, आवृत्तीच्या क्रमांकासह, नीट बसते. एकट्या माणसाच्या यंत्रावर याहून चांगला मार्ग नाहीं. पण तेथेंहि निवड झालेलीच असते. ती दुसऱ्यानें केली इतकेंच. महाविद्यालयाच्या संगणककक्षांत चाळीस विद्यार्थी एकच यंत्र वापरीत असतील तर प्रत्येकाच्या बिऱ्हाडांत त्याच पुरवणीची निराळी प्रत, कोणाची नवी, कोणाची जुनी, असा देखावा दिसूं लागतो. तेथें सामायिक ‘साइट-लिस्प’ च बरें. ‘लाटेक’ पद्धतीनें लेखन करणारांसाठीं डेन्मार्कमधील आल्बोर येथें जन्मलेली ‘ऑक-टेक’ ही पुरवणी संहितेपासून बसविण्याची रीत पुष्कळ वर्षें चालू होती. तिच्या माहितीपुस्तिकेंत हाच भेद मोजक्या शब्दांत केलेला होता: सर्व यंत्रासाठीं बसवीत असाल तर ‘/यूएसआर/लोकल’, वितरणाचा भाग म्हणून बांधीत असाल तर ‘/यूएसआर’, आणि विशेष अधिकार नसलेले एकटे असाल तर आपलें घर. एका पुरवणीसाठीं लिहिलेलें हें मार्गदर्शन इतर बहुतेक सॉफ्टवेअरलाहि तसेंच लागू पडतें.

स्वतःच्या घरांतहि व्यवस्था लागतेच. ईमॅक्सची खासगी डिरेक्टरी ‘.ईमॅक्स.डी’ या नांवाची असते. नांवारंभीं टिंब असल्यामुळें ती नेहमींच्या यादींत दिसत नाहीं, आणि म्हणून पुष्कळांस ती आपल्या घरांत आहे हेंच ठाऊक नसतें. अशा टिंबांच्या फायली घरभर विखुरूं नयेत म्हणून २००३ मध्यें एक नवा संकेत निघाला. त्याप्रमाणें मांडणीच्या फायली ‘.कॉन्फिग’ मध्यें, संग्रह ‘.लोकल’ मध्यें आणि केव्हांहि पुसून टाकतां येईल असें सामान ‘.कॅश’ मध्यें जावयाचें. ईमॅक्सनें २०२० मधील सत्ताविसाव्या आवृत्तींत तो मान्य केला, परंतु एका अटीवर. जुनी ‘.ईमॅक्स.डी’ घरांत असेल तर तिचाच मान प्रथम. त्यामुळें असें घडतें कीं, एखादा व्यवस्थितपणाचा भोक्ता आपली सर्व मांडणी नव्या जागीं हलवितो, जुनी डिरेक्टरी रिकामी म्हणून तशीच राहूं देतो, आणि एडिटर मात्र त्या रिकाम्या डिरेक्टरीकडे पाहून कोरा उघडतो. रिकामें घर पाडल्याखेरीज टपालवाला नव्या पत्त्यावर येत नाहीं!

आणखी एक मोह म्हणजे ‘.ईमॅक्स.डी’ हीच संपूर्ण डिरेक्टरी लोड-पाथ यादींत घालणें. तसें केल्यास ईमॅक्स उघडतांना इशारा देतो. कारण उघड आहे. त्या डिरेक्टरींत एडिटर स्वतःच्या नोंदींच्या फायलीहि ठेवीत असतो, आणि त्यांपैकीं एखादीचें नांव एखाद्या पुरवणीच्या नांवाशीं जुळलें तर तो नोंदवहीच पुरवणी समजून वाचूं लागेल. तिच्या आंत ‘लिस्प’ असा एक निराळा कप्पा करून तेवढाच यादींत घातला कीं भय राहत नाहीं.

मार्ग लिहितांना चिन्हेंहि सांभाळावीं लागतात. आपल्या घरासाठीं जें लहानसें नागमोडी चिन्ह लिहितात, त्याचा उगम १९७६ च्या सुमाराच्या एका टंकपटलावर आहे. तेथें हें चिन्ह आणि ‘होम’ हा शब्द एकाच कळीवर होते. पण या चिन्हाचा अर्थ घर असा लावणें हें आज्ञा वाचणाऱ्या ‘शेल’ चें काम, आणि तें सर्व ठिकाणीं तो करीत नाहीं. प्रीफिक्सच्या बरोबरीच्या चिन्हापुढें तें लगटून लिहिलें तर प्रचलित ‘बॅश’ शेल त्यास हात न लावतां तसेंच पुढें धाडतो, आणि कॉन्फिगर तें परत करिते. तेथें ‘होम’ या चलाचें नांव लिहावें हें निर्धोक. डिरेक्टरीच्या नांवांत मोकळी जागा सोडूं नये. बांधकामाची ‘मेक’ ही आज्ञा मोकळ्या जागेस दोन नांवांमधील सीमा समजते. विंडोजवर तिरपी रेघ उलट्या बाजूस झुकते. १९८३ मध्यें डॉसमध्यें डिरेक्टऱ्या आल्या, तेव्हां सरळ तिरपी रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठीं आधींच खर्ची पडली होती, त्याचा हा परिणाम. ईमॅक्सच्या मांडणींत ती उलटी रेघ लिहावयाची तर प्रत्येक वेळीं दुहेरी लिहावी लागते. त्यापेक्षां सरळ रेघच लिहावी, विंडोजवरील ईमॅक्सला ती चालते.

मराठींत नांवें द्यावीं कीं नाहीं? आजच्या लिनक्सवर देवनागरी नांवें बिनतक्रार चालतात. मात्र एक गोम आहे. ‘दौऱ्याचीं टिपणें’ अशा नांवांतील अर्धा ‘ऱ’ संगणकांत दोन रीतींनीं लिहितां येतो: एकतर स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खालचें टिंब अशीं दोन चिन्हें मिळून. डोळ्यांस दोन्ही सारखींच दिसतात; लिनक्सच्या दृष्टीनें तीं दोन निरनिराळीं नांवें आहेत. मॅकची जुनी पद्धति अशीं अक्षरें फोडून सांठवीत असे. तेथून आणलेल्या डिरेक्टरीचें नांव मांडणींत स्वतः टंकलिखित केलें, तर अक्षरन्‌अक्षर बरोबर असूनहि एडिटरला ती डिरेक्टरी सांपडणार नाहीं. शोध-यादींत जाणाऱ्या डिरेक्टरींचीं नांवें तेवढीं साधीं रोमन ठेवावीं. आंतल्या लेखांस मराठी नांवें खुशाल द्यावीं.

मॅक यंत्रांचा विषय निघालाच आहे तर २०२१ ची हकीकत सांगण्यासारखी आहे. त्या यंत्रांवर सॉफ्टवेअर आणून देणारी ‘होमब्रू’ नांवाची व्यवस्था तोंवर आपलें सर्व सामान ‘/यूएसआर/लोकल’ मध्यें ठेवीत असे. ॲपलनें स्वतःच्या चिपचीं यंत्रें २०२० च्या अखेरीस विक्रीस आणलीं, तेव्हां जुन्या आणि नव्या जातीच्या आज्ञावल्या एकमेकींत मिसळूं नयेत म्हणून होमब्रूनें नव्या यंत्रांसाठीं ‘/ऑप्ट/होमब्रू’ हा निराळा प्रीफिक्स घेतला. निर्णय शहाणपणाचा होता. परंतु ज्यांनीं आपल्या एडिटरच्या मांडणींत शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली किंवा लाटेकचें साहाय्यक साधन यांचा पत्ता मुळापासून संपूर्ण लिहून ठेविला होता, त्यांनीं नवें यंत्र घेतांच तो पत्ता खोटा ठरला. त्यांतच भर अशी कीं, मॅकवर चित्रावर टिचकी मारून उघडलेला ईमॅक्स शेलची शोध-यादी वाचीतच नाहीं. शेलमध्यें जी आज्ञा चालते तीच एडिटरला अनोळखी असते. पुरवण्यांची यादी ‘लोड-पाथ’ आणि बाहेरच्या आज्ञावल्यांची यादी ‘एक्झेक-पाथ’ या दोन पृथक् याद्या आहेत, हें लक्षांत न आल्यानें कित्येकजण एक दुरुस्त करण्यासाठीं दुसरींत भर घालीत राहतात.

सर्वांत अधिक काळजी मात्र अशा एका निवडीची घ्यावी कीं जिच्याकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. ती निवड म्हणजे राखीव प्रतींची जागा. लिहितां लिहितां वीज गेली तर मजकूर वांचावा म्हणून दोन्ही एडिटर लेखाच्या शेजारींच आपल्या प्रती ठेवितात. शेजारीं असा पसारा दिसणें कांहींना खपत नाहीं, आणि ते या प्रती ‘/टेंप’ मध्यें पाठवितात. ही डिरेक्टरी तात्पुरत्या सामानासाठीं आहे. अनेक यंत्रांवर यंत्र पुन्हां सुरू होतांच ती रिकामी केली जाते, म्हणजे ज्या प्रसंगासाठीं प्रत राखली नेमक्या त्याच प्रसंगीं ती पुसली जाते. प्रती एकत्रच करावयाच्या तर स्वतःच्या घरांत एक डिरेक्टरी करून तेथें कराव्या. विममध्यें त्या डिरेक्टरीच्या मार्गाच्या शेवटीं तिरपी रेघ दोनदां द्यावी. एकदां दिली तर प्रतीस फक्त लेखाचें नांव मिळतें, आणि दोन निरनिराळ्या प्रकरणांच्या डिरेक्टरींत ‘प्रस्तावना’ नांवाचे दोन लेख असल्यास कोणती प्रत कोणाची हें ओळखणें कठीण होतें. दोनदां दिली म्हणजे लेखाचा मुळापासूनचा संपूर्ण मार्गच प्रतीच्या नांवांत गुंफला जातो. ईमॅक्स हेंच काम न सांगतां करितो. राखीव प्रतींसाठीं एकच डिरेक्टरी नेमून दिली कीं तो प्रत्येक प्रतीच्या नांवांत पूर्ण मार्ग लिहितो आणि तिरप्या रेघांच्या जागीं उद्गारचिन्हें घालतो. मग ती डिरेक्टरी उघडून पाहणारास प्रत्येक फाईल आपल्या मूळ घराचा पत्ता ओरडून सांगत असल्यासारखी दिसते.